लायसँडरचे पाच फोटो

तापीकाठच्या प्रकाशा गावी मी शिक्षक म्हणून गेलो ते एकोणीसशे चोपन्न साली. मी मूळचा सांगलीकडचा. पहिले सहा महिने मला गावातलं अहिराणी बोलणं निम्मंच कळायचं. भाईदास मगन पाटील यांच्याशी मैत्री झाली त्याचं एक कारण हेच. ते माझ्याशी सावकाश बोलत.

भाईदास गुजर घराण्यातले. भावांची तापीकाठी कपाशी आणि केळी होती. हे मात्र शेतात कमी आणि लोकांच्या पाण्याच्या इंजिनांपाशी जास्त. उंच, किंचित वाकलेले, डोळे बारीक करून बघायची सवय. वडिलांशी काहीतरी बिनसलं म्हणून एकोणीसशे एक्केचाळीसमध्ये, एकोणिसाव्या वर्षी, नंदुरबार स्टेशनवरून ते जे निघाले ते हवाई दलात भरती झाले. तिथं ते रिगर होते. इंजिन बघणारे वेगळे, रिगरकडे विमानाचं अंग: पंख, तारा, सांगाड्यावर ताणलेलं कापड. शेहेचाळीसमध्ये परत आले, तापीबाईंशी लग्न झालं आणि गावानं त्यांचं नाव ठेवलं ‘इमानवाला’, म्हणजे विमानवाला.

त्यांचा एक गुण मला शाळेतल्या जुन्या मासिकांमुळे कळला. युद्धकाळातल्या सचित्र अंकांचा एक गठ्ठा कुणीतरी शाळेला दिला होता. भाईदास एकदा ते चाळत बसले आणि चित्रांखालचा मजकूर झाकून नावं सांगू लागले. हे हरिकेन, हे व्हेंजन्स, हे हडसन. पंखाचं टोक दिसलं तरी त्यांना पुरे. नुसतं नाव नव्हे, काळही सांगत. आपल्या विमानांवरच्या वर्तुळातला मधला तांबडा ठिपका बेचाळीसमध्ये पुसून टाकला, कारण जपान्यांच्या विमानावरही तांबडाच गोल असायचा. म्हणून ठिपका असलेला फोटो आधीचा, नसलेला नंतरचा. हे त्यांनी मला खडूनं फळ्यावर काढून दाखवलं होतं.

ही गोष्ट शहाद्याच्या प्रेमचंद फोटोवाल्याच्या कानावर गेली. तालुक्यात लढाईवरून परत आलेले बरेच जण होते. न परतलेल्यांच्या घरीही फोटो होते. लोक ते जुने फोटो मोठे करून घ्यायला प्रेमचंदकडे आणत आणि मुलाच्या मागे उभं असलेलं विमान कोणतं ते खाली शाईनं लिहून मागत. प्रेमचंद प्रती घेऊन भाईदासांकडे यायचा. भाईदास फोटो उन्हात धरत, भिंग लावत, बऱ्याच वेळानं नाव सांगत. नाव चुकीचं लिहिलं तर मेलेल्या माणसाला परक्या विमानात बसवल्यासारखं होईल, असं ते एकदा मला म्हणाले होते.

एकोणसाठच्या हिवाळ्यात, मार्गशीर्षातल्या एका सकाळी, प्रेमचंद सायकलवरून आला. मी त्या दिवशी भाईदासांच्या ओट्यावरच बसलो होतो. त्यानं सांगितलेली हकीगत अशी. तोरणमाळकडच्या एका पाड्यावरचा जालमसिंग नावाचा पावरा आदिवासी शहाद्याच्या बाजारात चारोळी घेऊन आला होता. त्यानं सोबत एक डबा कॅमेरा आणला होता. ही वस्तू त्याच्या बापाच्या घरात चुलीच्या वर टोपलीत कितीतरी वर्षं होती, ही आहे काय एवढंच त्याला विचारायचं होतं. प्रेमचंदनं कॅमेरा हातात घेतला, तर आत फिल्मचा रोल होता. आठही फोटो काढून झालेले, पण रोल कधी धुतलेलाच नाही. धुवून बघितला तर तीन नुसते काळे निघाले. पाच उमटले. धुरकट, कडांना भुरी आल्यासारखे, पण उमटले.

त्यानं ते पाच फोटो ओट्यावर मांडले.

पहिल्यात एक विमान धावपट्टीवर उभं होतं आणि पंखाखाली एक तरुण डोळे बारीक करून बघत होता. मी ओळखायच्या आधी तापीबाईंनी ओळखलं. दारातून डोकावून त्या म्हणाल्या की हे तर तुम्हीच.

 भाईदासांनी दुसरा फोटो उचलला. तेच विमान, पण आता ते डोंगराच्या उतारावर गवतात होतं, एक पंख जमिनीला टेकलेला. चाकावरच्या पत्र्याच्या झाकणाला टेकून एक माणूस बसला होता, टोपी डोळ्यांवर ओढलेली. तो झोपला होता, बेशुद्ध होता की मेलेला होता, हे फोटोवरून सांगता येत नव्हतं. तिसऱ्यात तो माणूस नव्हता. गवत चाकं बुडवून वर आलं होतं. चौथ्यात पंखाच्या टेकूवर वेल चढला होता आणि दोरीवर एक सदरा वाळत होता.

भाईदासांनी भिंग मागितलं. विमानाच्या शेपटावर एक काळा चौकोनी डाग होता, त्यावर ते बराच वेळ थांबले.

“गुरुजी, हाई लायसँडर शे,” ते म्हणाले. “आन हाई थिगळ मन्हा हातनं शे.”

मग त्यांनी मला जे सांगितलं ते त्यांनी घरातही कधी सांगितलं नव्हतं. त्रेचाळीसच्या श्रावणात ते मध्य हिंदुस्थानातल्या एका तळावर होते. लायसँडर हे दोघांचं विमान. पंख माणसाच्या डोक्यावरून जाणारे, मुळाशी अरुंद आणि मध्ये रुंद, चाकं पोटात न जाणारी. जागा थोडी असली तरी उतरणारं. त्या दिवशी दस्तूर नावाचा पारशी पायलट आणि देवसहायम नावाचा वायरलेसवाला ते घेऊन गुजरातच्या किनाऱ्याकडे जाणार होते. देवसहायम नागरकोइलकडचा. तो आणि भाईदास एकाच बराकीत होते, शेजारी शेजारी. आदल्या दिवशी शेपटाचं कापड फाटलेलं सापडलं. भाईदासांनी तुकडा शिवला, त्यावर तांबडा डोप फासला. डोप म्हणजे कापड ताठ करणारं रोगण, त्याला पिकलेल्या केळीसारखा वास येतो. वरचा रंग द्यायला वेळ नव्हता. तांबडा रंग फोटोत काळा येतो. विमान सुटलं ते पुन्हा आलं नाही. शोध झाला, चौकशी झाली, आणि शेवटी समुद्रात पडलं असावं असा शेरा बसला.

“समुद्रात,” भाईदास पुन्हा म्हणाले आणि फोटोतल्या मागच्या डोंगराकडे बोट केलं. डोंगराच्या माथ्याला मधोमध एक खाच होती. त्या ओट्यावरून, उत्तरेला, सातपुड्याची रांग दिसते. तिच्यात तशीच खाच आहे.

पाचवा फोटो प्रेमचंदनं मुद्दाम मागे ठेवला होता.

त्यात देवसहायम होता. दाढी वाढलेली, अंगात फाटका गणवेश, डाव्या काखेत काठी. तो शेपटाजवळ उभा होता आणि हसत होता, पण कॅमेऱ्याकडे बघत नव्हता. बघत होता बाजूला. त्याचा उजवा हात खांद्याच्या उंचीला उचललेला होता आणि त्या हाताखाली काही नव्हतं. फोटोच्या खालच्या कडेला, फोटो काढणाऱ्याची सावली गवतावर पडली होती.

प्रेमचंदनं त्याच्या धंद्यातली एक गोष्ट सांगितली. एकटा माणूस फोटोला उभा राहिला की आपोआप मधोमध उभा राहतो. हा बाजूला उभा आहे. त्यानं एका माणसाची जागा सोडली आहे.

भाईदासांचा प्रश्न वेगळा होता. टोपीवाला माणूस दस्तूर आहे, हे त्यांना दिसलं होतं. तिसऱ्या फोटोत तो नाही, कॅमेराही देवसहायमचाच. मग देवसहायमचा फोटो कुणी काढला?

चार दिवसांनी आम्ही निघालो. शहाद्याहून म्हसावद, तिथून राणीपूरपर्यंत बैलगाडी, पुढं पायी. जालमसिंग आम्हाला काळापाणी गावाच्या खाली भेटला. तोरणमाळचा घाट अर्धा चढल्यावर त्यानं वाट सोडली आणि पूर्वेच्या दरीत उतरला. साग, सालई, मग नुसती वाळलेली गवतं. दुपारचे बारा वाजत आले होते. पाड्यापासून ती जागा हाकेच्या अंतरावर होती, पण तिकडे पायवाट नव्हती. गुरांच्या खुणासुद्धा नव्हत्या. एवढं उभं गवत आणि त्यात गुरं नाहीत, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मला पहिल्यांदा बरं वाटेना.

जालमसिंगचा बाप सुरुपसिंग आधीच तिथं येऊन दगडावर बसला होता. साठीचा असेल. तो त्याच्या पावरी बोलीत बोलायचा आणि जालमसिंग आम्हाला मोडक्या अहिराणीत सांगायचा.

विमान अजून होतं. कापड कधीच गेलं होतं, पण नळ्यांचा सांगाडा तसाच उभा होता आणि त्याच्या पोटातून सागाचं एक झाड वर गेलं होतं. पुढचा पत्रा, इंजिन, चाकांवरची झाकणं, सगळं जागच्या जागी. सोळा वर्षांत कुणी एक पत्रा काढून नेला नव्हता. आमच्याकडे पडलेली बादलीसुद्धा कुणी ठेवत नाही. मी विचारलं तर जालमसिंग म्हणाला, ज्याचं आहे तो इथंच आहे, तर कसं न्यायचं.

भाईदास सांगाड्याभोवती फिरले. प्रत्येक जोडावर हात ठेवत होते, जनावर तपासावं तसे. शेपटापाशी गेल्यावर ते थांबले आणि माझ्याकडे वळून बघितलं. मलाही तोपर्यंत वास आला होता. पिकलेल्या केळीचा. त्या दरीत केळीचं झाड नाही, वरच्या पठारावरही मी पाहिलं नाही. शेपटावर कापडाचा धागाही उरलेला नव्हता. वारा नव्हता. वास थोडा वेळ राहिला आणि गेला. 

सुरुपसिंगनं सांगितलं ते असं. पाऊस चालू होता, ढग दरीत उतरले होते. आवाज आला, मग झाडं मोडल्याचा आवाज आला. पाड्यावरची माणसं गेली तेव्हा दोघं होते. एकाची छाती दबली होती, तो दुसऱ्या दिवशी वारला. दुसऱ्याचा पाय मोडला होता. बांबूच्या काड्या बांधून त्यांनी तो बसवला, कोदरीची भाकर दिली, झोपडीत चल म्हणून खुणेनं सांगितलं. तो आला नाही. मेलेल्याला त्यांनी शेपटाजवळ पुरलं आणि हा विमानातच राहिला.

खाली कुणाला सांगितलं का नाही, हे मी विचारलं. सुरुपसिंगनं कारण सांगितलं. आदल्याच वर्षी, बेचाळीसच्या चळवळीत, खाली नंदुरबारला गोळ्या सुटल्या होत्या, ती बातमी डोंगरातही आली होती. सरकारचं विमान तुमच्या दरीत कसं पडलं, हा पहिला प्रश्न त्यांनाच आला असता. तरी एक जण बाजारात गेला तेव्हा बोलला. ऐकणारे हसले. त्याला चढली आहे असं त्यांना वाटलं.

दीड-दोन महिन्यांत पाय जुळला. काठी घेऊन माणूस चालायला लागला. वाट दाखवतो, खाली नदी आहे, गाव आहे, असं सुरुपसिंगनं त्याला हातवाऱ्यांनी सांगितलं. तो दरीच्या तोंडापर्यंत यायचा, परत फिरायचा. विमानाकडे बोट करायचा, मग वर आभाळाकडे. पहिल्या आठवड्यात ढगांवरून एकदा घरघर गेली होती, तेवढीच. त्यानंतर काही आलं नाही. पण त्याला ऐकू यायचं. बोलता बोलता थांबून तो आरशाचा तुकडा घेऊन उघड्यावर धावायचा. पुढं पुढं पाड्यावरच्या बायकांनाही ऐकू येऊ लागलं, आणि म्हणून त्यांनी तिकडे गुरं सोडणं बंद केलं.

हे ऐकताना भाईदास खाली बसले. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते.

“मीच सांगेल व्हतं त्याले,” ते मला म्हणाले. “पडनात तर इमान सोडू नको. वरतीन माणूस दिसस नही, इमान दिसस. बठी ऱ्हाय, आम्ही येतस.”

ते शिकवलेलंच होतं, प्रत्येक तळावर शिकवत, चुकीचंही नव्हतं. मी तसं म्हणालो. त्यांनी ऐकलं नसावं. त्यांनी आणखी एकच गोष्ट सांगितली. त्याच वर्षी, त्रेचाळीसच्या दिवाळीत, ते रजेवर घरी आले होते. आठ दिवस होते. रोज संध्याकाळी तापीवर अंघोळीला जात आणि उत्तरेकडचे डोंगर बघत.

मग मी झोळीतून फोटो काढले आणि पाचवा सुरुपसिंगच्या हातात दिला. जालमसिंगनं विचारायच्या आधीच त्यानं छातीवर बोट ठेवलं. सावली त्याचीच होती. पाऊस संपल्यावर एक दिवस त्या माणसानं तो डबा त्याच्या हातात दिला, कुठं दाबायचं ते दाखवलं आणि जाऊन उभा राहिला. सुरुपसिंगनं दाबलं. एकदाच.

भाईदासांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काही दिसलं. प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं. पण सुरुपसिंग फोटो खाली ठेवत नव्हता. तो उलटा करून बघितला, परत सुलटा केला, डोळ्यांजवळ नेला. मग मुलाला काहीतरी म्हणाला. जालमसिंगनं त्याला पुन्हा विचारलं आणि आमच्याकडे न बघता सांगितलं.

“बाप म्हणस, दुसरा कथा गया? दाबं तवय दोन्ही उभा व्हतात.”

मला वाटलं भाषेचा घोटाळा झाला. मी पुन्हा विचारायला लावलं. ज्याची छाती दबली होती, ज्याला तुम्हीच पुरलं, तो? हो, तोच. टोपीवाला. पुरून दोन महिने होऊन गेले होते, हे सुरुपसिंगला माहीत होतं. तो काही पटवून देत नव्हता, घाबरलेलाही नव्हता. बाजारातून आणलेल्या वस्तूत एक नग कमी निघावा तशी त्याची तक्रार होती. त्यानं पुढं सांगितलं की पाय मोडलेला माणूस विमानातल्या मागच्या खुर्चीवर बसून पुढच्या खुर्चीशी बोलायचा. पुढून आवाज कधी आला नाही. पण उत्तराला जेवढा वेळ लागतो तेवढा तो थांबायचा, मान डोलवायचा आणि मग पुढं बोलायचा. थंडी पडल्यावर त्याला ताप आला. सहा-सात दिवसांत गेला. त्यालाही शेपटाजवळच ठेवलं. सुरुपसिंगनं दोन दगड दाखवले. दोन्हींच्या भोवतीचं गवत उपटलेलं होतं.

इंजिनाजवळच्या पट्टीवरचा क्रमांक भाईदासांनी कागदावर उतरवून घेतला. आम्ही ऊन कलायच्या आत घाटाच्या वाटेला लागलो. दरीच्या तोंडाशी भाईदास एकदम थांबले, मान तिरकी केली. इंजिनांजवळ कान लावायची त्यांची सवय मला ठाऊक होती. मलाही वाटलं काहीतरी आहे, अगदी बारीक, दूरवर. जालमसिंग पुढं चालतच राहिला. थोड्या वेळानं भाईदास म्हणाले, मर्क्युरी. ते लायसँडरच्या इंजिनाचं नाव. एवढंच बोलले आणि घाट चढू लागले.

हवाई दलाच्या कचेरीला पत्र मी लिहिलं, सही त्यांची. दोन पत्रांना उत्तर आलं नाही. तिसऱ्याला छापील पोच आली. मग चीनची लढाई आली आणि जुन्या विमानाची कुणाला पडली होती? चौसष्ट साली मात्र एक तरुण अधिकारी खरोखरच आला, जालमसिंगबरोबर वर गेला आणि इंजिनावरची पट्टी काढून घेऊन गेला. त्यानं फोटोही बघितले. पाचव्याबद्दल फक्त कॅमेरा हलला असेल का असं प्रेमचंदला विचारलं. प्रेमचंद म्हणाला की हललेला फोटो आपण ओळखतो, हा हललेला नाही.

त्याच वर्षी दिवाळीनंतर नागरकोइलहून इंग्रजी पत्र आलं. देवसहायमची धाकटी बहीण, ज्ञानम्माळ. आई-वडील गेले होते. कचेरीकडून तिला दोन ओळी कळल्या होत्या आणि भाईदासांचा पत्ता. तिनं दफनाची जागा विचारली, विमान कोणतं होतं ते विचारलं, आणि शेवटी एकच वाक्य वेगळ्या ओळीवर लिहिलं होतं: माझा भाऊ शेवटी एकटा होता का?

भाईदासांनी ते पत्र अकरा दिवस खिशात ठेवलं. मग शाळेत आले, बाकावर बसले आणि मला लिहायला सांगितलं. विमानाचं सगळं बारकाव्यानं सांगितलं, थिगळाचंसुद्धा. विमान सोडू नकोस असं मीच त्याला सांगितलं होतं, हेही लिहायला लावलं. हे कशाला, तिला कळून काय उपयोग, असं मी म्हणालो. ते ऐकेनात. शेवटच्या प्रश्नापाशी मी लेखणी थांबवली.

“लिखा,” ते म्हणाले. “एकला नव्हता. संगे माणूस व्हता, आखरीलोंग.”

कोण म्हणून लिहू, सुरुपसिंग की दुसरा कुणी, असं मी विचारलं. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं आणि मी सांगितलं तेवढंच लिहा म्हणाले. मी तेवढंच लिहिलं.

उत्तर यायला चार महिने लागले. विमान सोडू नको या सांगण्याबद्दल तिनं एक अक्षर लिहिलं नव्हतं. तिला पहिला फोटो हवा होता, ज्यात भाईदास उभे आहेत तो. तो पाठवला. उरलेले चार त्यांच्याकडे राहिले. त्यांनी प्रेमचंदकडून त्यांच्या खाली शाईनं नावं लिहून घेतली. दुसऱ्याखाली दस्तूर, तिसऱ्या-चौथ्याखाली नुसतं लायसँडर. पाचव्याखाली प्रेमचंदनं एक नाव लिहून हात थांबवला, तेव्हा भाईदासांनी त्याला दुसरंही लिहायला सांगितलं.

त्यानंतर दर हिवाळ्यात ते एकदा वर जात. सदुसष्टच्या पावसाळ्यात त्यांना कावीळ झाली आणि श्रावण लागायच्या आत ते गेले. पंचेचाळीस वर्षांचे होते. माझी बदली पुढच्या वर्षी झाली. निघताना मी तापीबाईंकडे त्या फोटोंची चौकशी केली. त्यांनी सांगितलं की भाईदासांचा तिसरा दिवस झाल्यावर जालमसिंग येऊन ते घेऊन गेला, त्याच्या बापाला हवे होते.